पिंटरेस्टवरून पागेपर्यंत: किनाऱ्यावरच्या छोट्या घोडेस्वारी व्यवसायासाठी पहिली पावलं

नोव्हेंबरात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "ओल्या वाळूवर तपकिरी घोडी उभी आहे, मागे सुरूचं बन आहे, खाली तिचं प्रतिबिंब पडलंय, तो फोटो तुमचाच ना? मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला तिला त्याच घोडीवर बसायचंय." फोटो आमचाच होता, घोडी आमची बिजली. पण तो मी पिंटरेस्ट या चित्रं शोधायच्या अ‍ॅपवर टाकला होता त्याला चौदा महिने होऊन गेले होते. त्याच दिवशी तोच फोटो इन्स्टाग्रामवरही टाकला होता. तिथे दोन दिवस लाइक आले आणि तो खाली वाहून गेला. पिंटरेस्टवर तो चौदा महिने कुणाच्या ना कुणाच्या हाती लागत राहिला.

अलिबागच्या दक्षिणेला, नागाव-चौलच्या पट्ट्यात आमची छोटी पागा आहे. तीन घोड्या आणि एक तट्टू. माझे सासरे ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी न्यायचे. आम्ही आता मुलांना घोडेस्वारी शिकवतो, सकाळची किनाऱ्यावरची रपेट करतो आणि लग्नाआधीच्या फोटोशूटला घोडा देतो. मुरूड, काशीद, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा किनाऱ्यांवर आमच्यासारखी घरं आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पिंटरेस्ट नव्याने सुरू करायचं असेल, तर मी जे चुकत-माकत शिकले ते क्रमाने सांगते.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

पिंटरेस्ट २०१० साली सुरू झालं. दिसायला ते सोशल मीडियासारखं आहे, पण वापरणारी माणसं तिथे गप्पा मारायला येत नाहीत. ती काहीतरी ठरवायला येतात. घराचा रंग, मुलाच्या वाढदिवसाची सजावट, दोन दिवसांची सहल, लग्नातले कपडे. मनात येईल ते शोधायचं, आवडलेलं चित्र आपल्या फळ्यावर टाचणी मारल्यासारखं लावून ठेवायचं. त्या चित्राला पिन म्हणतात, फळ्याला बोर्ड. पिनवर टिचकी मारली की ज्याने ती टाकली त्याच्या वेबसाइटवर जाता येतं.

शोध शब्दांनीही होतो आणि चित्रानेही. २०१५ पासून तिथे एखाद्या चित्राचा तुकडा बोटाने निवडून त्याच्यासारखी आणखी चित्रं मागता येतात. २०१७ मध्ये लेन्स आलं, म्हणजे समोरच्या वस्तूचा फोटो काढायचा आणि तसं काय काय आहे ते पाहायचं. समजा, एका नवरीने कुठल्यातरी परदेशी किनाऱ्यावरच्या घोड्याचा फोटो पाहिला आणि फक्त घोडा आणि लाटा एवढाच भाग निवडला. मग मशीन तिला तशाच रंगाची, तशाच मांडणीची चित्रं दाखवतं. त्यात आपला काशीदचा किंवा दापोलीचा घोडा येऊ शकतो. तिने काशीदचं नाव ऐकलेलंही नसेल तरी चालतं. नाव माहीत नसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत चित्र पोचतं, आणि आपल्यासारख्या बिननावाच्या पागांना नेमकं तेच हवं असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे तुमचा वेळ फुकट जाणार नाही. तुमचा सगळा धंदा वाळूवरच्या दहा मिनिटांच्या फेरीवर असेल, तर पिंटरेस्टवर कष्ट घेऊ नका. फेरी मारणारा माणूस आधी शोधत नाही. तो पाण्यात पाय भिजवून येतो, घोडा दिसतो, पोरगं हट्ट करतं, तो बसतो. त्याच्यासाठी गुगल मॅपवरचं ठिकाण आणि चांगल्या स्थितीतला घोडा पुरेसा आहे. पिंटरेस्ट कामाला येतं ते आधीपासून ठरवल्या जाणाऱ्या गोष्टींना: प्री-वेडिंग शूट, मुलांचं सुट्टीतलं घोडेस्वारी शिबिर, पहाटेची रपेट, पागा असलेला होमस्टे, वरातीचा घोडा. यांतलं तुम्ही काय देता ते एका कागदावर लिहा. दोनच गोष्टी असतील तर दोनच लिहा. पुढचं सगळं त्या कागदावरून ठरणार आहे.

खातं आणि त्यामागचं एक पान

बिझनेस खातं फुकट असतं. आधीचं वैयक्तिक खातं असेल तर तेच बदलून घेता येतं, पण माझा सल्ला नवीन उघडण्याचा आहे. वैयक्तिक खात्यात रांगोळ्या, ब्लाउजचे गळे आणि पुरणाच्या कृती साठलेल्या असतात, आणि हे खातं कशाचं ते पाहणाऱ्याला कळत नाही. खात्याच्या नावात पागेचं नाव आणि काम दोन्ही येऊ द्या. नुसतं 'राजयोग' लिहिलं तर तो ज्योतिषी आहे की घोडेवाला हे कसं कळणार? 'राजयोग घोडेस्वारी, नागाव बीच' असं असलं की माणसालाही कळतं, मशीनलाही.

मग लिंक. पिन टाकताना ती कुठे उघडावी हे द्यावं लागतं, आणि इथे आपल्याकडचे बरेच जण अडकतात, कारण वेबसाइटच नसते. पूर्वी गुगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर एक फुकट वेबसाइट मिळायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी तेव्हा पिनना ती लिंक दिली होती त्यांच्या पिन आता कुठेच जात नाहीत. तुमच्या त्यातल्या असतील तर आजच बदला. स्वतःच्या पिनची लिंक नंतरही बदलता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने निदान स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेऊन एक साधं पान करावं. पानावर काय हवं? चार चांगले फोटो, काय देतो, दर, कुठल्या महिन्यांत बंद असतो, किती वजनापर्यंत बसता येतं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि नकाशा. बस. स्वतःचा पत्ता असला की पिंटरेस्टवर तो 'क्लेम' करता येतो, म्हणजे ही वेबसाइट आमचीच अशी नोंद होते. त्यासाठी एक छोटी ओळ वेबसाइटमध्ये टाकावी लागते. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

लांब लिंक आखूड करून देणारी साधनं इथे वापरू नका. अशा लिंका फसवणुकीसाठीही वापरल्या जातात, म्हणून पिंटरेस्ट त्यांच्याकडे संशयाने पाहतं आणि पिन अडकू शकते.

शब्द कुठून आणायचे

शब्द गिऱ्हाइकाकडून आणा. आम्ही 'अश्वारोहण' म्हणू, 'रपेट' म्हणू. ठाण्याचा माणूस तसं शोधत नाही. पिंटरेस्टच्या शोधाच्या जागेत 'बीच हॉर्स' एवढंच इंग्रजीत टाइप करा आणि थांबा. खाली आपोआप शब्द उमटतात: फोटोशूट, रायडिंग आउटफिट, कपल, सनसेट असं काय काय. लोक जे शोधतात तेच तिथे येतं. ते वहीत उतरवा. मग 'अलिबाग', 'कोकण', 'प्री वेडिंग', 'किड्स हॉर्स रायडिंग' हेही टाकून पाहा.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण इंग्रजीत शोधतात, घरात मराठी बोलणारेसुद्धा. म्हणून मी शीर्षक इंग्रजी लिपीत देते आणि वर्णनात एखादं वाक्य मराठीत टाकते. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर त्यातली पहिली चाळीसेकच दिसतात. म्हणून कामाचं आधी लिहायचं. 'आमच्या लाडक्या बिजलीसोबत एक सुंदर सकाळ' हे मला फार आवडायचं, पण ते कुणीच शोधत नाही. 'अलिबाग बीच हॉर्स रायडिंग, मुलांसाठी सकाळची बॅच' हे शोधतात. बिजलीचं कौतुक वर्णनात करा, तिथे दोन-तीन वाक्यांना भरपूर जागा आहे. त्यात गावाचं नाव, कुणासाठी, कुठल्या महिन्यांत आणि कसं विचारायचं एवढं आलं पाहिजे. एकच शब्द दहा वेळा घुसवू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

फोटो: सगळा जीव इथे आहे

बाकी सगळं महिन्याभरात शिकता येतं. फोटोवर मात्र मनापासून वेळ घालवा. चांगला कॅमेरा लागत नाही, माझे सगळे फोटो फोनवरचे आहेत. पण उजेड, ओहोटी आणि घोड्याची मनःस्थिती या तिन्ही एका वेळी जुळाव्या लागतात.

आधी उजेड. आपला किनारा पश्चिमेकडे बघतो. सूर्य सकाळी डोंगराकडून, माडांच्या मागून येतो आणि संध्याकाळी समुद्रात बुडतो. म्हणून सकाळी फोटो काढताना तुमची पाठ जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे असू द्या. कोवळं ऊन घोड्याच्या अंगावर सरळ पडतं, मागे निळं पाणी येतं. संध्याकाळी उलट करा. पाण्याच्या कडेला उभं राहून समुद्राकडे पाठ करा आणि घोडा किनाऱ्याच्या बाजूला ठेवा. सोनेरी ऊन घोड्यावर, मागे सुरूचं बन. बिजलीचा तो फोटो असाच आहे. सगळे जण संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून काळी आकृती काढतात. ती छान दिसते, पण त्यात घोडा कुठल्या रंगाचा, खोगीर कसं, स्वाराने हेल्मेट घातलंय का, काहीच दिसत नाही. अशी दोन-तीन चित्रं ठेवा, सगळी नको.

मग ओहोटी. ओल्या वाळूच्या आरशात प्रतिबिंब हवं असेल तर पाणी नुकतं मागे गेलेलं हवं. आपल्याकडचा जुना हिशेब सगळ्यांना माहीत आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, आणि साधारण सहा तास मागे-पुढे, पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला, ओहोटी. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून, आणि रोज पाऊण तासाने उशीर. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. थंडीत सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, म्हणून सकाळच्या फोटोला मी पौर्णिमा-अमावास्येनंतरची प्रतिपदा-द्वितीया धरते आणि संध्याकाळच्या फोटोला खुद्द पौर्णिमा-अमावास्या. महिन्यात असे चार-सहा दिवस मिळतात. कॅलेंडरवर त्यांना गोल करून ठेवा. अष्टमीला भरती सकाळी सहाला, तेव्हा सकाळी पाणी वर आलेलं असतं, ओल्या वाळूचा आरसा मिळत नाही. नेमकी वेळ फोनवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, पण दिवस निवडायला तिथी पुरते.

आणि घोडा. घोड्याचं मन कानात दिसतं. कान मागे पडलेले असले की माणसाला कारण सांगता येत नाही, पण फोटो आवडत नाही. कान पुढे हवेत. फोटो काढणाऱ्याच्या मागे कुणाला तरी तोबऱ्यात मूठभर हरभरे घालून उभं करा आणि एकदाच हलवायला सांगा. बिजली मान उंच करते, दोन्ही कान पुढे येतात, डोळ्यांत चमक येते. हे सगळं दोन सेकंद टिकतं. तेवढ्यात बोट दाबून धरलं की फोन भराभर वीस फोटो काढतो, त्यातला एक लागतो. दुसऱ्यांदा हलवाल तर अर्धी मजा जाते, तिसऱ्यांदा ती बघतही नाही. आणि काम झालं की हरभरे द्यायचेच. जनावराला फसवलं तर पुढच्या वेळी ते उभं राहत नाही.

उभं राहायचं घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे थोडं वाकून, आणि लांब. फोन जवळ नेला की डोकं ढोलासारखं मोठं आणि मागचे पाय काटकुळे दिसतात. दहा-बारा पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करा. चालत्या घोड्याचे पाय एकमेकांत अडकलेले दिसू नयेत म्हणून इथेही भराभर फोटो काढून पाय मोकळे असलेला निवडा.

फोटोआधी खरारा झालेला असावा, आयाळ विंचरलेली, खोगिराखालचा कपडा धुतलेला, लगामाला सुतळीची गाठ नको. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्या, भेळेची गाडी, लोकांच्या जीपगाड्या आल्या की चित्राची किंमत जाते. चित्रावरून शोधणाऱ्या मशीनलाही गर्दीतला घोडा वेगळा काढणं जड जातं. मोकळी वाळू, एक घोडा, एक माणूस, एवढंच असलं की ते लगेच ओळखतं.

फोटो उभा हवा, रुंदीच्या दीडपट उंच. १००० बाय १५०० पिक्सेल हे पिंटरेस्टचं नेहमीचं माप आहे. आडवा फोटो तिथे चिंचोळा होऊन हरवतो. आणि काढतानाच उभा काढा. नंतर कापायला गेलं की शेपटी तरी जाते नाहीतर खूर. वर थोडं आकाश मोकळं ठेवलं की त्यावर 'मुलांसाठी सकाळची बॅच, अलिबाग' अशी चार-पाच शब्दांची ओळ ठळक अक्षरात घालता येते. सगळ्याच फोटोंवर अक्षरं नकोत.

पाहुण्यांचा फोटो वापरायचा असेल तर आधी विचारा, मुलांचा असेल तर आईवडिलांना. आम्ही मुलांचे फोटो शक्यतो पाठमोरे काढतो: हेल्मेट घातलेलं पोर, मागे लोंबणारी वेणी, पुढे समुद्र. बघणाऱ्या आईला त्या जागी आपलं मूल दिसतं, आणि कुणाचा चेहरा जगभर फिरत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

सुरुवातीला माझ्याकडे चांगले फोटो नव्हते. म्हणून फुकट फोटो देणाऱ्या एका ठिकाणाहून पांढऱ्या घोड्याचा, हिरव्या कुरणातला फोटो घेतला आणि आमच्या नावाने टाकला. तो भरपूर लोकांनी साठवला. मग डोंबिवलीहून एक जोडपं आलं. नवरीने त्या पांढऱ्या घोड्याला शोभेल असा घागरा शिवून आणला होता. आमच्या पागेत एक कुमैत म्हणजे तपकिरी, दोन अबलख म्हणजे दुरंगी, आणि एक भुरकं तट्टू. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. घेतलेली आगाऊ रक्कम परत केली. ती पिन त्याच रात्री काढून टाकली.

आता तर संगणकाने बनवलेले घोडे फोटोपेक्षा देखणे दिसतात. मोह होतो, पण करू नका. पिंटरेस्ट अशा चित्रांवर एआयची खूण लावू लागलंय, आणि ती खूण नसली तरी गिऱ्हाईक शेवटी पागेतच येणार असतं. तुमचं तट्टू बुटकं असेल तर बुटकंच दाखवा. आमच्या तट्टूचा, त्याच्याएवढ्याच उंचीच्या मुलीशेजारी उभा असलेला फोटो सगळ्यात जास्त साठवला गेलाय, कारण घाबरणाऱ्या मुलांच्या आयांना तो धीर देतो.

घोड्याची निगा चित्रात दिसू द्या

मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, त्याआधी आणि नंतरही घोड्यांच्या हालांवर भरपूर बोललं गेलं. आपल्याकडे येणारी माणसं त्याच शहरातली आहेत. ती फोटोत आधी बरगड्या बघतात, मग तोंडाचा फेस, मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, घासून पडलेली जखम. आणि ती बरोबरच करतात. एकदा माझ्या एका पिनखाली कुणीतरी लिहिलं की घोडीचा तंग फार पुढे बांधलाय, कोपराला घासत असेल. मी जाऊन बघितलं, केस गेलेले होते. तंग मागे घेतला, आठवडाभर तिच्यावर कुणाला बसवलं नाही, आणि त्यांना तसं उत्तर दिलं.

म्हणून एक बोर्ड फक्त निगेचा ठेवा: नालबंद खूर तासतोय, रपेटीनंतर पायांवरचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुतलं जातंय, दुपारी घोडे सावलीत पेंढा खातायत. गाड्या ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. आम्ही स्वारीच्या घोड्यांनाही हेच लावतो, खरं तर याहून बरंच कमी काम देतो, आणि ते पानावर लिहिलंय. वजनाचंही लिहा. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात असावा, असा स्वारांमध्ये सर्रास वापरला जाणारा आडाखा आहे. तीनशे किलोच्या घोडीवर साठ किलो. हे पिनमध्ये आधीच दिसलं की जड माणूस दोनशे किलोमीटर येऊन नकार ऐकत नाही, आणि तुम्हालाही पाहुण्यासमोर अवघडावं लागत नाही.

बोर्ड आणि वेळापत्रक

बोर्डांची नावं पाहुण्याच्या मनातल्या प्रश्नावरून ठेवा. आमचे पाच आहेत: अलिबागची दोन दिवसांची सहल, मुलांची पहिली घोडेस्वारी, किनाऱ्यावरचं प्री-वेडिंग शूट, घोडेस्वारीला काय घालावं, आणि घोड्यांची निगा. सहलीच्या बोर्डावर फक्त आमचेच फोटो नाहीत. कुलाबा किल्ला, चौलची मंदिरं, रेवदंड्याचा कोट, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो बोट, शेजारच्या खानावळीतलं सोलकढीचं ताट हेही आहे. सहल ठरवणारी बाई तो अख्खा बोर्डच धरून ठेवते. दुसऱ्याची पिन आवडली तर ती 'सेव्ह' करा, म्हणजे मूळ नाव राहतं. तो फोटो उतरवून स्वतःचा म्हणून चढवू नका.

'काय घालावं' हा बोर्ड मी उगाच म्हणून केला होता, पण त्यानेच सगळ्यात जास्त माणसं आणली. लोक कपडे शोधत येतात आणि पागा बघून जातात.

आठवड्याला तीन-चार नव्या पिन पुरेत. एका दिवशी तीस टाकून महिनाभर गप्प बसू नका. फोटो एका वेळी काढून ठेवा आणि तारखा लावून द्या, तशी सोय खात्यातच आहे. महत्त्वाचं म्हणजे हंगामाच्या आधी टाका. लोक तिथे दीड-दोन महिने आधी शोधायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीसाठीचं ऑगस्ट-सप्टेंबरात जायला हवं, मे महिन्याच्या शिबिराचं मार्चच्या सुरुवातीला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्यामुळे प्री-वेडिंगचं तर आणखी आधी, भर पावसात. पावसाळ्यात आपला किनारा बंद असतो, घोडे दारात असतात, हाताला वेळ असतो. वर्षभराचे शब्द, बोर्ड, लिंका नीट करायचं काम तेव्हाच उरकावं. हिरव्यागार अंगणात ओल्या अंगाने उभी असलेली घोडी हाही छान फोटो असतो, फक्त त्याखाली 'जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची रपेट बंद' हे लिहायला विसरू नका.

आकडे बघताना

खात्यात तीन आकडे महत्त्वाचे. किती वेळा दिसलं, किती जणांनी साठवलं, किती जण लिंकवरून वेबसाइटवर गेले. पहिला आकडा मोठा असतो आणि त्याने फुलून जायला होतं. त्यावर घोड्याचा हरभरा येत नाही. साठवणं म्हणजे कुणीतरी मनात धरलंय. लिंकवरून येणं म्हणजे ते निघालेत. एखादी पिन भरपूर साठवली जातेय पण वेबसाइटवर कुणी येत नाही, असं दिसलं तर तिच्यात काहीतरी अर्धवट आहे: गावाचं नाव नाही, दर कुठे कळतील ते नाही, किंवा लिंक मेलेली आहे. आधी लिंक तपासा.

पहिले तीन महिने मला एकही फोन आला नाही. तेव्हा एकाने पैसे घेऊन फॉलोअर वाढवून देतो म्हणून सांगितलं आणि मी दिले. फॉलोअर आले, पण त्यातला एकही कधी कोकणात येणारा नव्हता. या ठिकाणी फॉलोअरवर फारसं काही अवलंबून नसतं. लोक तुमच्या मागे येत नाहीत, ते प्रश्न घेऊन येतात आणि तुमचा फोटो उत्तर देतो की नाही एवढंच बघतात. ते पैसे माझे गेले, तुमचे जाऊ देऊ नका.

मशीनच्या आकड्यांपेक्षा मला एका वहीचा जास्त उपयोग झाला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "आम्हाला कुठे पाहिलंत?" आणि उत्तर तसंच्या तसं लिहिते. "ते टाचण्यांचं अ‍ॅप" असं म्हणाले तर तेही. बिजलीचा कुठला फोटो, मुलीच्या मागे समुद्र होता की सुरू, हे लोक बारकाईने सांगतात. त्यावरून पुढच्या अमावास्येला काय काढायचं ते ठरतं.

पहिला मेसेज आला की

पिंटरेस्टवरून येणारा माणूस सहसा व्हॉट्सअ‍ॅपवर आधी तोच फोटो पाठवतो आणि विचारतो, "असं मिळेल का?" लगेच "हो" म्हणू नका. तारीख विचारा आणि त्या दिवसाची तिथी बघा. अष्टमीच्या सकाळी तो आरसा मिळणार नाही, तर तसं सांगा आणि जवळचा दुसरा दिवस सुचवा. कोण बसणार, वय किती, वजन किती, आधी कधी घोड्यावर बसलेत का, हे विचारा. लांब पँट आणि बंद बूट आणायला सांगा. हेल्मेट आपण देतो, हेही लिहा. ज्या घोड्यावर बसायचं आहे त्याचा त्याच दिवशी काढलेला, न सजवलेला एक साधा फोटो सोबत पाठवा. मी पुण्याच्या त्या बाईंना बिजलीचा, गवत खाताना तोंडात काडी अडकलेला फोटो पाठवला होता. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं: मुलगी विचारतेय, तिला गाजर आवडतं का?